ऋषीच्या फेरतपासणीला न कळवता येण्याबाबत

प्रति,
मा. शिष्यवृत्ती अधिकारी,
ऑटिझम असलेल्या मुलांसाठी शाळानिवड शिष्यवृत्ती,
कोलंबस, ओहायो.

विषय : नातू ऋषी (इयत्ता दुसरी) याची बंद केलेली शिष्यवृत्ती पुन्हा चालू करणेबाबत व त्याकरिता न कळवता घरभेट देणेबाबत.
संदर्भ : आपले ‘मुलास विशेष अडचण दिसत नाही’ असे कळवणारे पत्र.

महोदय,

मी शोभना माईणकर, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, जिल्हा सांगली, हल्ली मुक्काम मुलाकडे, डब्लिन (आयर्लंडचे नव्हे, आपल्या कोलंबसजवळचे). आपल्या पत्राच्या तळाशी ‘आपल्या भाषेत लिहिले तरी चालेल’ असे छापले आहे, त्याचा आधार घेऊन लिहिते. भाषांतरकाराने माझे शब्द सौम्य करू नयेत.

१. ऋषी पूर्वी मोठ्या शाळेत होता. तिथे घंटा झाली की तो कान झाकून टेबलाखाली बसे. आपल्या शिष्यवृत्तीमुळे तो लहान शाळेत गेला, जिथे घंटाच नाही. आता सकाळी तो स्वतःहून बूट घालून दारात उभा राहतो. ही शाळा सुटली तर पुन्हा ते टेबल आहेच.

२. फेरतपासणीसाठी आपल्या बाई घरी येणार असे कळले. आमच्याकडे तपासणी म्हटली की शाळेला चुना लागतो, फळ्यावर सुविचार येतो आणि हुशार मुले पहिल्या बाकावर बसतात. माझ्या शाळेचा शेरा कधी ‘उत्तम’च्या खाली गेला नाही. तेव्हा मी ऋषीची कसून तयारी करून घेतली. सूनबाई आश्लेषा म्हणाली, “आई, हे इन्स्पेक्शन नाहीये. त्याला हेल्प किती लागते ते असेस करतायत. प्लीज, त्याच्याकडून काही पाठ करून घेऊ नका.” परक्या बाईंसमोर आपल्या मुलाची शोभा करायची, हे मला पटले नाही.

३. बाई आल्या. ऋषीने हस्तांदोलन केले, डोळ्यांत बघून नाव सांगितले आणि आज हवा सुरेख आहे म्हणाला. बाहेर गारा पडत होत्या. बाईंना तो विनोद वाटला. मित्र कोण, या प्रश्नाला त्याने मी पढवलेली नावे घडाघडा म्हटली. त्यांतले एक कचऱ्याचा ट्रक चालवणाऱ्या गृहस्थांचे आहे. खूश होऊन बाईंनी चिरोटे दोनदा घेतले. मग आपले पत्र आले. शेरा उत्तम मिळाला म्हणून शाळा बंद झाली, असे माझ्या साऱ्या नोकरीत घडलेले नाही.

४. आश्लेषाच्या सांगण्यावरून त्याच्या अडचणी लिहायला बसले. तो रोज वरणभातच खातो. पण पानात शीत टाकत नाही. मुलांमध्ये मिसळत नाही. पण ते ट्रकवाले गृहस्थ त्याला हात केल्याशिवाय पुढे जात नाहीत. शेजारच्या सुलभाकाकूंना तो तोंडावर जाड म्हणाला, त्या आहेतच. यापुढे मला लिहिता आले नाही.

५. बाई गेल्यावर काय झाले, ते मात्र लिहिते. ऋषी जेवणाच्या टेबलाखाली गेला आणि पाठ केलेली उत्तरे एकामागून एक म्हणत राहिला. हवा सुरेख आहे, हवा सुरेख आहे. हाका मारूनही येईना, तेव्हा मीही गुडघे सांभाळत खाली शिरले. मला फार वाईट वाटले. इतका वेळ तो माझ्यासाठी शहाण्यासारखा वागला होता.

६. सबब, घरभेट पुन्हा व्हावी आणि आम्हांस न कळवता व्हावी. मी घरात आढळल्यास मला बागेत पाठवावे. चिरोटे डब्यात असतील, ते घ्यावेत.

‘उत्तम’ शेऱ्याचा आग्रह सोडलेली,
आपली नम्र,
शोभना माईणकर
डब्लिन, दि. ६ मे २०२५

सोबत : डॉक्टरांचे निदानपत्र व लहान शाळेच्या बाईंचे पत्र.

ता. क. : येणाऱ्या बाईंनी दारावर हलकेच टकटक करावी. आमच्या दाराची बेल ऋषीसाठी आम्ही कधीच काढून टाकली आहे. मागच्या खेपेला बाई ती बराच वेळ शोधत होत्या. का काढली, एवढे त्यांनी विचारले असते, तर हा अर्ज लिहावा लागला नसता.