गोड्या पाण्यानं धुतलेले दगड

दुबई
१६ फेब्रुवारी, रविवार

रवीदादा,

पाया पडतो. वहिनीला नमस्कार, छकुलीला एक पापा जास्तीचा. मी टुणटुणीत हाय. अंथुर्ण्यात आता उसाच्या तोडी जोरात असतील. परवाच तर फोन झाला, आता पत्र कशाला, असं तू म्हणशील. वाच, कळंल. आठवी नापासाचं अक्षर हाय, अडलं तर वहिनीला दाखव.

मी मासेवाल्याकडं कामाला हाय एवढंच तुला म्हायती. पण हे काचेच्या टाकीतले, शोभेचे मासे, आन ते शेवटी येतात, दादा. आधी दगड. समुद्रातला, भोकाभोकाचा, ओल्या कागदात गुंडाळून येतो. त्याला जित्ता दगड म्हणतात. त्याच्या भोकांत बारके किडे, गोगलगाई, आन डोळ्याला न दिसणारे जंतू असतात. ते जंतू माशांची घाण खाऊन पाणी चांगलं ठिवतात. पण वाटेत त्यातलं बरंच मरतं. ते कुजलेलं ब्रशनं घासायचं, मग दगड अंधाऱ्या टाकीत, खाऱ्या पाण्यात ठिवायचे. रोज चमचाभर पाणी काचेच्या नळीत घेऊन थेंब टाकायचे. हिरवं झालं तर पाण्यात अमोनिया, म्हंजे मासा मरणार. पिवळं आलं की झालं. महिना महिना लागतो. आन हे काम कोण करतोय, तर वरणाला उकळी फुटायच्या आत ताट घेऊन बसणारा मी!

शेठ केरळचा हाय. म्हणतो, असा हात दुकानात दुसरा न्हाय. एका दवाखान्यातली सहा फुटी टाकी त्यानं माझ्या एकट्यावर सोपवलीय.

पण पहिल्या खेपेला काय केलं ते ऐक. आपल्या खालच्या तुकड्यात मीठ फुटायचं, तवा आबा गोडं पाणी सोडून ते धुऊन काढायचे. तेच माझ्या डोक्यात. दगडावर पांढरं मीठ बघितलं, नळ सोडला आन तासभर चकाचक धुतले. मीठ गेलं, आन आत जित्तं हुतं ते समदं मेलं. दोन दिवसांत असा वास सुटला की शेजारचा दुकानदार भांडायला आला. नळी गर्द हिरवी.

शेठनं विचारलं, "ये किसने किया?" आन बघितलं माझ्याकडं न्हाय, माझ्यासंगट काम करणाऱ्या बंगाल्याकडं. वयस्कर माणूस. त्यानं नुसता हातातला ब्रश खाली ठिवला.

दादा, गेणूतात्यानं तळ्यावरनं काठी उचलली हुती ना, अगदी तसा.

मी म्हणालो, "मैंने किया." शेठ म्हणाला, "अच्छा. अब बैठ के देख, कितने दिन लगते हैं." बस. कबूल करणं एवढंच असतं, मला ठावंच न्हवतं.

सत्तेचाळीस दिवस लागले. रोज ती हिरवी नळी बघायचो आन आपलं शेततळं दिसायचं.

तुझे मासे औषधानं मेले न्हाईत. तू तळ्यात माशांची पिल्लं सोडून वालचंदनगरला गेलास, जाताना बजावलंस, महिनाभर तळ्यात काय टाकू नको. मला वाटलं, खतानं ऊस वाढतो तसा मासाबी वाढंल. जत्रेच्या आत मोठे करून तुला दाखवायचे हुते. कोंबडखताच्या अकरा गोण्या एका दमात वतल्या. तिसऱ्या दिवशी तू परत आलास तर समदे उताणे. रिकाम्या गोण्या मी गोठ्यामागं जाळल्या.

तात्या त्याच सकाळी उसावर फवारून आला हुता. शेजारच्या रानातला दादासो म्हणाला, "म्हाताऱ्यानं पंप तळ्यात धुतला, दुसरं काय!" तात्या म्हणत राहिला, "न्हाय रं लेकरांनो, हापशावर धुतला." तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणालो, "तळ्यातच धुतला. मी बघितलं."

एकोणीस वर्षं आपल्या रानात राबलेला माणूस काठी घेऊन गेला. आता त्याला फवारणीला कुणी बोलवत न्हाय, असं मागं वहिनी म्हणाली हुती. त्या रात्री मला जेवण गेलं न्हाय. मी गाव सोडलं तवा तू म्हणालास, ह्यो एका जागी टिकतच न्हाय. खरं हाय ते. पण तवाचं कारण ते न्हवतं.

फोनवर दोनदा तोंडापर्यंत आणलं. तू तोडीचं बोलाय लागलास. आन फोनवरचं तुझ्याच कानात राहिलं असतं. तात्याला वाचता येत न्हाय, म्हणून हे कागदावर. त्याला घरनं गाडीवर घेऊन ये. दादासोला बोलव. तळ्यावर, तवा उभा हुतास तितंच उभा रहा आन मोठ्यानं वाच. दगडांचंबी वाच, तात्याला असलं आवडतं. मग मला काय शिव्या घालायच्या त्या घाल, फोन उचलीन. मे महिन्यात येतोय. आधी तात्याच्या दारात, मग आपल्या.

दवाखान्यातली नळी काल पिवळी आली. आणखी चार दिवस थांबणार हाय, मगच मासे सोडीन.

तात्यानं पंप हापशावरच धुतला हुता, दादा. हापसत मीच हुतो.

तुझा,
ऋषिराज