गोल न मोजायचं वय

२७ एप्रिल
मैदानाच्या कडेला अजून बर्फ! तरी क्लबचं श्रमदान झालंच. मला वाटलं होतं, कुणीतरी विचारेल — गुडघा कसा आहे, आता पुढे काय. देशाच्या फुटबॉल संघात चौदा वर्षं पुढच्या फळीत खेळले, गोल केले, फेब्रुवारीत डॉक्टरांनी कायमचं थांबवलं. पेपरात आलं होतं सगळं. पण नाही. क्लबच्या अध्यक्ष गुनिलाबाई, त्यांनी हातात दाताळं दिलं आणि कोपऱ्यातला पाला ओढायला सांगितलं. आमच्या गावात कुणाला डोक्यावर घेऊन नाचत नाहीत, ठाऊक आहे मला. तरी लागलं मनाला.
शेवटी सॉसेज भाजताना त्याच म्हणाल्या, आठ वर्षांच्या मुलींना शिकवायला कुणी नाही, बघतेस का. हो म्हणाले. जूनपर्यंतच!

२ मे
स्टॉकहोमहून टीव्हीवाल्यांचा फोन. ऑगस्टपासून स्टुडिओत बसून सामन्यांवर बोलायचं. उत्तर जूनमधल्या मिडसमरच्या सणाआधी हवंय.
जावंच. इथे मी कोण? पाला ओढणारी. तिथे निदान लोकांना माहीत असेल मी कोण होते ते.
बाबांना सांगितलं. "हं," म्हणाले. जन्मभर मी सामन्याहून आले की त्यांचा एकच प्रश्न — "किती-किती?" आणि कौतुक म्हणजे "वाईट नाही." युरोपच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत दोन गोल केले तेव्हा म्हणाले होते. एकदाच!

११ मे
सराव. मुली वासरांसारख्या धावतात. एक तुवा तेवढी हात बाह्यांत ओढून उभी. चेंडू आला की बाजूला सरते, पाहुण्याला वाट करून द्यावी तशी. ही काय खेळणार!

१८ मे
पहिला सामना. या वयात गोल मोजायचे नाहीत असा नियम. गुणफलक नाही, गुण नाहीत, सगळ्यांना सारखा वेळ खेळवायचं, मग दोन्ही संघांनी मिळून दालचिनीचे बन खायचे. मी मनात मोजत होतेच. तीन-तीन! शेवटी तुवाची पाळी होती. मी तिला बाकावरच बसवलं आणि चपळ एब्बाला ठेवलं. एब्बानं गोल मारला. मी उडी मारून ओरडले, "चार-तीन!"
आईबाप आपापल्या कॉफीच्या कपात बघायला लागले.
तुवाला गाडीतून घरी सोडलं. उतरताना म्हणाली, "मी दमले होते का?"
हो म्हणाले. लाज वाटते.

२० मे
गुनिलाबाई कॉफीला आल्या. हवापाण्याचं झालं, माझ्या केकला बरं म्हणून झालं. मग निघता निघता, बूट घालताना — "काही जणांना जरासं वाटलं, इल्वा." काय वाटलं ते सांगितलंच नाही. आमच्याकडे याहून मोठ्यानं कुणी ओरडत नाही.
त्या गेल्यावर रडले. जिंकण्याशिवाय मला दुसरं येतं तरी काय?

२१ मे
तुवाकडे गेले. खरं ते सांगून टाकलं — तू दमली नव्हतीस, मला जिंकायचं होतं म्हणून तुला बसवलं, चुकलं माझं.
तिनं विचार केला. "मग जिंकलो का?"
"हो."
"मला वाटलंच," म्हणाली आणि मला तिचा ससा दाखवायला घेऊन गेली.

४ जून
सराव संपल्यावर आम्ही दोघी थांबतो. इथे उत्तरेत हल्ली सूर्य मावळायचं नाव घेत नाही, त्यामुळे वेळेचं भानच राहत नाही. आज तुवानं चेंडू पायानं अडवला. अडवला!! मग स्वतःच घाबरून माझ्याकडे बघत बसली.

१४ जून
सुट्टीआधीचा शेवटचा सामना. तुवाला पुढे खेळवलं. माझ्या जागी! चेंडू थेट तिच्याकडे आला. सरली नाही. डोळे मिटून असा हाणला की गोलच्या वरून, कुंपणाच्या वरून, थेट नदीत! दोन्हीकडच्या मुली आरडाओरडा करत कुंपणाकडे पळाल्या. मीही पळाले, हा असला गुडघा घेऊन. समोरची गोलकीपर टाळ्या वाजवत होती. एब्बाचे वडील पँट दुमडून पाण्यात उतरले. तुवा मधोमध उभी, बाह्या कोपरापर्यंत वर.
घरी आले तर बाबा टेबलाशी. "किती-किती?"
म्हटलं, तुवानं चेंडू नदीत घालवला. "ते नाही. किती-किती?"
तोंड उघडलं. सांगता येईना. मी मोजलेच नव्हते!
बाबांनी कप खाली ठेवला आणि चांगलं निरखून बघितलं माझ्याकडे.

१८ जून
स्टॉकहोमला फोन करून नाही म्हणाले. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, मंगळवारी सराव असतो.
बाबा उघड्या खिडकीबाहेर बटाट्याच्या वाफ्यात वाकले होते. मान वर केली नाही.
"वाईट नाही," म्हणाले.