डिंकाचे लाडू कोणी वळले?

सिमला, २० जानेवारी १९८४

तीर्थरूप आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

इथल्या हवेचा काही भरवसा नाही. सकाळी ऊन बघून शर्ट वाळत टाकला, दुपारी बर्फ पडून त्याची पाटी झाली. मी मजेत आहे. खोकला जरासाच आहे.

डिंकाचे लाडू मिळाले. पण आई, ते तुझ्या हातचे नाहीत. डबा उघडला तर नुसता भुगा. पोस्टाला दोष देऊ नकोस, गेल्या वर्षी तुझे लाडू दगडासारखे धड आले होते. शकुताईला विचारलं, तर ती नुसतं मुलुंडच्या थंडीचं लिहिते.

तुझ्या हाताला काही झालंय का? पडलीस कुठे?

खरं काय ते कळव. मग मीही खोकल्याचं खरं लिहीन.

तुझा,
नंदू