लंबूच्या पाठीवरच्या रेघा

लंबू,

सकाळची पाळी आहे, मी औषधांच्या दुकानात निघालो. पाठीवर लाल रेघा उठल्या म्हणून आईला घाबरवू नकोस. तो रोग नाही. वर्षात चार इंच वाढलास, कातडीला तेवढी सवड मिळाली नाही, ती ताणली गेली. वर्षा-दोन वर्षांत रेघा पांढरट होतील. फारच खुपल्या तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊ, पण तेही फिक्या करतील, पुसणार नाहीत. खाज आली तर साधं क्रीम लाव. माझी नायट्याची ट्यूब गुपचूप चोळतोस ना, ती मी घेऊन चाललोय. तिच्यातल्या स्टेरॉइडने कातडी पातळ होते आणि रेघा आणखी वाढतात.

माझ्या पाठीवर एकही नाही. काल मान मोडेपर्यंत आरशात पाहिलं.

आणि दाराच्या चौकटीवर आपल्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या ना, त्यांच्यावरून आई उगाच रंगाऱ्याला बोलते. तुझी खूण माझ्या वर गेली, त्याच दिवशी मी खोडरबर फिरवला. तुझ्या पाठीवरच्या खोडायला मात्र अख्ख्या दुकानात काही नाही.

दादा