हिरव्या खोलीतलं शिसं

चंद्रपूर

जाफरभाऊ यांस,

शालिकरामचा रामराम आणि सलाम, दोन्ही. भद्रावती काही सातासमुद्रापार नाही, तरी पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुम्ही मधेच हसता आणि मग मला राग येतो. सलीमाभाभींचा गुडघा कसा आहे? तुमची शुगर कशी आहे? दर महिन्याला तुम्ही सुई टोचून घेता आणि वर नर्सबाईंची विचारपूस करता, याचं कौतुक कुंता रोज करते. (मला ऐकवायला करते, हे मला कळतं.) आम्ही दोघं ठीक. काम एवढंच की आमची मागची हिरवी खोली पुन्हा रंगवायची आहे, तरी ब्रश घेऊन यावं. आता सविस्तर.

रोशनीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही मी तुम्हाला सांगायला नको. पण आमचे जावई निकेशबापू बल्लारपूरला बसून मोबाइलवर फार वाचतात. त्यांनी वाचलं की जुन्या घरांच्या रंगात शिसं असतं आणि ते पोटातल्या बाळाला बाधतं. निरोप आला, आधी घराची खात्री करा, मग रोशनीला पाठवतो. ज्या घरात पोरगी लहानाची मोठी झाली, त्या घराची खात्री. कुंता दोन दिवस धड जेवली नाही. मलाही लागलं. दोन भाडेकरू ठेवण्याइतकं घर बांधलं आणि पोटच्या पोरीला बोलावता येत नाही, तर बांधून काय मिळवलं?

तेवढ्यात घरमालकांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण निघालं. विषय, इमारतीची देखभाल आणि शिशापासून सुरक्षा. शेवटी प्रमाणपत्र. मी पहिल्या रांगेत बसलो. शिकवायला दीपाली मॅडम म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती. सकाळी तिनं गच्चीचे पाइप साफ ठेवा, भिंतीच्या भेगेतला पिंपळ लहान असतानाच काढा, असं सांगितलं. (आमच्या पिंपळाला कुंता रोज पाणी घालते. मी वहीत काहीच लिहिलं नाही.) मग रंगावर आली. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, धूळ पोटात जाते, आधी ओला करा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा. नंतर विचारलं, कुणाला आपल्या घराचा संशय आहे का? मी उभा राहिलो आणि सांगितलं की आमची एक खोली हिरवी आहे, ती भद्रावतीच्या जाफरभाऊंनी रंगवली, आणि त्यांचा रंग पहिल्यापासून मला संशयास्पदच वाटत होता. जाफरभाऊ, पन्नास घरमालकांनी तुमचं नाव वहीत लिहून घेतलं. एकानं स्पेलिंगही विचारलं.

जेवणानंतर मॅडमनी रंगाखेरीज आणखी कुठे शिसं सापडतं तेही सांगितलं म्हणे. मी तेव्हा ताकाच्या दुसऱ्या पेल्यासाठी बाहेर होतो.

संध्याकाळी नमुना म्हणून मॅडम आमच्याच घरी आल्या, मागून दहा-बारा घरमालक. त्यांच्याकडे ओल्या कापसाची काडी असते, शिसं लागलं की लाल होते. भिंतीवर घासली, पांढरी. दारावर, खिडकीवर, पांढरी. मी म्हटलं, नीट घासा, जाफरभाऊ पक्का माणूस आहे, खोल लपवलं असेल. मग मॅडमनी कोपऱ्यातली माझी जुनी पळी पाहिली.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमचा मूळ धंदा मासेमारीचा. रिटायर झाल्यापासून मी पुन्हा फेकजाळी विणतो. जाळ्याच्या घेराला शिशाचे मणी लागतात, ते त्या पळीत वितळवून ओततो आणि दातानं दाबून बसवतो, जसं वडिलांनी शिकवलं. हिरव्या खोलीत, कारण तिथे वारा लागत नाही. रंगातलं शिसं विषारी, हे मला पटलं होतं. पण मण्यांचं शिसं आपलं, वडिलार्जित. ते कशाला बाधेल?

पळी लाल. फरशी लाल. माझी बोटं लाल. शेवटी मॅडमनी पाळणा पाहिला. आमच्यात पहिल्या नातवाचा पाळणा आजा जाळ्याच्या सुतानं विणतो. दोन महिने विणत होतो. वाऱ्यानं हलू नये म्हणून काठाला चाळीस मणी लावले होते, चांगले चमकवून. काडी टेकवली मात्र, कुंकवासारखी झाली.

मॅडमनी काडी कागदात गुंडाळली. कुंता बोलली.

"शिसं शोधाले गावभर हिंडले, अन् ते तुमच्याच तोंडात निंगालं."

तेव्हापासून पळी, मणी आणि जाळी घरातून गेली. खोली तीनदा ओल्या फडक्यानं पुसली. पाळणा नव्या सुतानं विणायला घेतला आहे. प्रमाणपत्र भिंतीवर लावलं आहे.

तुमचा लोभी,
शालिकराम

ता. क. १ : त्या पन्नासांपैकी एकेचाळीस जणांच्या घरी जाऊन तुमचा रंग निर्दोष असल्याचं सांगितलं. उरलेले नऊ सापडत नाहीत. माफी असावी. हे पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं.

ता. क. २ : रोशनीच्या पाळण्यालाही मणी होते. ती ते चोखत असे आणि आम्ही हसत असू. हे आठवल्यापासून मला झोप नाही. काल मन घट्ट करून निकेशबापूंना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबा, तिचं रक्त मागच्याच महिन्यात तपासलं. चांगलं हाय. तुमी कधी तपासता?"

ता. क. ३ : मी रक्त तपासायला दिल्याचं कळलं की त्याच दिवशी ते रोशनीला आणून सोडणार आहेत. कुंतानं तिची गादी उन्हात टाकली आहे. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत तीनदा जाऊन आलो. भीती वगैरे नाही, पण सुई पाहिली की धरायला ओळखीचा हात लागतो. सोमवारी पहिल्या बसनं या. ब्रश नाही आणला तरी चालेल.