साडीचा वास

भातकुली,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. चंदनले अनेक आशीर्वाद.

इकडे वावरातला सांबार, हिरवी कोथिंबीर, काढून जुड्या बांधून राहिलो. वांग्याले अळी लागली. बाळ मान धरते का? सूनबाई करिश्माची तब्येत कशी आहे?

फोनवर मले नीट बोलता येत नाही, म्हून लिहून राहिलो.

दिवाळीत तू ती वाफेची सिगारेट आणली. "बाबा, बिडी सोडा, हे ओढा. विदेशात डॉक्टरच देतात," म्हणाला. बंदी असूनही बापासाठी आणली, मले बरं वाटलं. बिडी सोडली. मग अमरावतीचा डॉक्टर म्हणे, दोन्ही फेका. परतवाड्याचा म्हणे, बिडीपेक्षा हे बरं. शेजारचे नत्थुजी म्हणे, नुसती वाफ आहे, सर्दीले चांगली. मी सोयीचं तेवढं ऐकलं. तुझी आई सगळ्यायचंच खरं मानून घाबरे, खिडक्या उघडत फिरे.

मग करिश्मानं मोबाईलवर त्या वाफेबद्दल काहीतरी वाचलं. बारशाले बाबा नको, असं तूच कळवलं. तुझी आई एकटी एस्टीनं अकोल्याले आली. तिनं जन्मात काही ओढलं नाही. तरी करिश्मा दारातच म्हणाली, "साडीला वास येतोय. बाळाला घेऊ नका." आईनं आंघोळ केली, करिश्माची धुतलेली साडी नेसली. तरी नाही. "केसांत राहतं ते," म्हणे. तू तिथंच उभा होता. आई चपलांपाशी बसून जेवली.

घरी आल्यावर मी विचारलं, "कोणावर गेलं लेकरू?"

"दुरून दिसलं नाही," म्हणाली.

ती वाफेची नळी मी दगडानं ठेचली. आता पुन्हा बिडी ओढतो. तिनं टोकलं नाही.

आता सांगतो. मागच्या महिन्यात जुड्या बांधता बांधता तुझी आई कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपली. हृदय बंद पडलं म्हणाले. अग्नी तुझ्या चुलतभावानं, शेखरनं दिला. तो रडून राहिला होता, "काका, चंदनले फोन लावतो. दोन तासांत येते तो. थांबा." मी थांबलो नाही. सगळ्यायले माझी आण घातली, कोणी कळवायचं नाही. तेरवी झाली, तरी आईसाठी तुझाही एक फोन आला नाही.

भाऊबंदांनी विचारलं, "पोराले कावून नाही बोलावलं?"

मी म्हटलं, "त्याच्या घरी तान्हं लेकरू आहे. धूर चालत नाही."

आता येऊ नको.

तुझ्या आईचा नवरा,
उत्तमराव