लिहून दिलेली आई

१२ जानेवारी ९९, मंगळवार
सकाळच्या एसटीनं गावाहून, कोडोलीहून परत आलो आणि तसाच कॉलेजला गेलो. घरी बसून करणार काय. आई शनिवारी गेली, रविवारी सगळं उरकलं, काल दिवसभर माणसं येत-जात होती. सगळ्यांशी नीट बोललो. चहा कुणाचा राहिला का तेही बघितलं.

स्टाफरूममध्ये एकेकानं हात हातात घेतला. मराठीचे सर म्हणाले, "एकदा रडून घ्या हो, बरं असतं." औषध सांगावं तसं सांगितलं. बरं म्हटलं. येत नाही तर आणू कुठून.

दुपारचे दोन्ही तास घेतले. सुषमाचं म्हणणं, रजा तरी टाकायची होती तुम्ही. बायकोला काय सांगणार, तासावर बरं वाटतं म्हणून.

१३ जाने., बुधवार
बी. ए. भाग १, कंपल्सरी इंग्लिश. ट्युटोरियलचा गठ्ठा टेबलावर तसाच पडलेला. विषय डिसेंबरात दिलेला: 'माय मदर'. तेव्हा काय माहीत.

तपासायला घेतला. नेहमीप्रमाणं सगळ्यांचा एकच निबंध. मीच डिक्टेट केलेला, पोरांनी जसाच्या तसा उतरवलेला. परीक्षेला येतो, पाठ करतात, पास होतात. आई पहाटे उठते, अंगणात सडा घालते, तुळशीला पाणी घालते, देवापुढं दिवा लावते, मग गोड आवाजात आम्हा भावंडांना उठवते. वर्गात सगळ्यांना एकेक धाकटी बहीण. शेख नावाच्या पोराच्या दारातसुद्धा तुळस. त्याला त्यात काही वाटलं नाही. मलाही आजवर कधी वाटलं नव्हतं.

लाल पेनानं स्पेलिंगं दुरुस्त केली. निम्मा गठ्ठा झाला.

१५ जाने., शुक्रवार
तानाजीदादा येऊन गेला. चुलतभाऊ, आमच्याकडचं कार्य म्हटलं की पुढं तोच. आईचं पुण्यानुमोदन २४ ला, रविवारी, समाजमंदिरात ठरलं. बुद्धवंदना, मग भाषणं, मग जेवण.

"आईवर तू बोलायचं. धा मिनटं तरी. परोपेसर हाईस, लोकं तुझंच ऐकाय येत्यात. आन् लिवूनच आण की, ऐन टायमाला काय सुचत न्हाय माणसाला."

हो म्हटलं. हल्ली सगळ्याला हो म्हणतोय.

१६ जाने., शनिवार
आईवर लिहायला बसलो. मराठीतच. पहिलं वाक्य आलं: आई पहाटे उठायची. दुसरं आलं: अंगणात सडा घालून... खोडलं. उठून पाणी प्यायलो. परत बसलो, परत सडा.

आमच्या दारात तुळस नव्हती. घरात देवच नव्हते, छप्पन्न सालीच आज्ज्यानं सोडलेले. तो निबंध माझा नाहीच मुळी. मी स्वतः भाग १ ला होतो तेव्हा आमच्या सरांनी डिक्टेट केलेला. पाठ केला, मार्क पडले, पुढं मास्तर झालो तसा पोरांना देत आलो. चार शब्द इकडचे तिकडं केले असतील.

मग माझी आई कशी? खुरपं घेऊन लोकांच्या रानात भांगलायला जायची, हे माहीत आहे. मी पाचवीपासून कोल्हापुरात, वसतिगृहात. सुट्टीला घरी गेलो की ती रानात. ती घरी आली की मी पुस्तकात. 'त्यो आभ्यास करतोय, दंगा करू नगासा,' हे ती दुसऱ्यांना सांगायची ते आठवतं. माझ्याशी काय बोलायची? जेवलास का. परत कवा जाणार. एवढंच. ह्यात दहा मिनिटं कशी भरणार?

वाईट वाटायला हवं होतं. शेजारच्या घरात कुणाला तरी वाटतंय, इतपत वाटलं.

१८ जाने., सोमवार
राहिलेल्या गठ्ठ्यात एक वेगळा निघाला. सुरेखा पाटील, कागलहून रोज येऊन-जाऊन करते. पानभरच. इंग्रजी मोडकं, क्रियापदांचा पत्ता नाही. पण आई तिची स्वतःची. म्हशीशी दिवसभर बोलते, पोरांशी कमी. वेणी घालताना केस ओढते, ओरडलं की आणखी ओढते. दुधाला फॅट कमी लागली की डेअरीपासून घरापर्यंत शिव्या देत येते, उंबऱ्याच्या आत आली की गप्प. पुढचा दात पडलाय म्हणून फोटोत हसत नाही.

लागोपाठ तीनदा वाचला. पोरीला हे कसं जमलं? मला हवंय ते हेच. हेवा वाटला. वाटलं काहीतरी, हेच पुष्कळ.

तासानंतर बोलावून घेतलं. ओढणीचं टोक पिळत उभी. डिक्टेशन घेतलं नव्हतंस का, विचारलं.

"न्हाय सर. त्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायचं हुतं. मग मनानंच लिवलं. चुकलं का सर?"

चांगलं लिहिलंयस म्हणायचं होतं. पण 'बघ एकदा' असं काहीतरी पुटपुटलो आणि कागद तिच्या हातात दिला. का दिला कोण जाणे.

२० जाने., बुधवार
सुरेखा स्टाफरूमच्या दारात. हातात नवे कागद, समास आखलेले, अक्षर सुबक.

"मैत्रिणीचं बघून लिवलं सर. आता बरोबर हाय."

पहाट, सडा, तुळस, गोड आवाज, धाकटी बहीण. आधीचा कुठाय म्हटलं.

"फाडला की. चुकीचा हुता न्हवं."

खुर्चीतून उठलो. म्हटलं, अगं, तोच बरोबर होता. तिला वाटलं मी समजूत काढतोय. हसली बिचारी. "ऱ्हाऊ द्या सर, ह्येलाच मार्क द्या."

दहापैकी आठ दिले. इतरांना दिले तेवढेच.

२३ जाने., शनिवार
भाषण झालं लिहून. तुळस नाही, दिवा नाही, तेवढं सांभाळलं. कष्ट आहेत, त्याग आहे, माया आहे, शिक्षणाचं महत्त्व आहे. सुषमाला वाचून दाखवलं. छान झालंय म्हणाली आणि पीठ मळायला गेली. पाठ करतोय आता.

२५ जाने., सोमवार
काल झालं सगळं. समाजमंदिर भरलेलं. वंदना झाली, दोघंतिघं बोलले, मग मी. कागद खिशातून काढावाच लागला नाही. तासावर बोलतो तसा धाडधाड बोललो. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तानाजीदादा पाठीवर थाप मारून, "लई झ्याक! आईचं सोनं केलंस." तेवढ्या मंडळींत कोरडा मी एकटा.

जेवणं उठल्यावर आक्का मागच्या बाजूला भांडी घासत होती. थोरली बहीण, गावातच दिलेली. आईचं शेवटपर्यंत तिनंच केलं. तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. मान वर न करता म्हणाली,

"चांगला बोललास. पर ती बाई कोण?"

"कुठली बाई?"

"जिच्यावर बोललास ती. आय न्हवं ती. आय लई भांडखोर हुती. तुला कुटनं म्हाईत असणार म्हणा, तू हितं हुतास कवा."

रागानं म्हणाली असती तर परवडलं असतं. पातेल्याला राख लावावी तितक्या सहज म्हणाली. मी तिथंच खाली बसलो. म्हटलं, मग तू सांग. कशी होती?

"आता? असं बसून इचारल्यावर मला न्हाय सांगता यायचं. हात चालला की आठवतंय. ऐतवारी ये रानात."

एसटीत येताना सारखं तेच. ती बाई कोण. ती बाई कोण.

२७ जाने., बुधवार
भाग १ चा तास. पुढचा निबंध, 'अ व्हिजिट टु अ फेअर'. पोरं पेनं उघडून बसलेली. म्हटलं, आपापल्या गावची जत्रा आठवा आणि लिहा. कुणी हललं नाही. मागून आवाज, "सर, परीक्षा मार्चात हाय." खरं होतं. डिक्टेट केला. सगळी मिळून एकाच पाळण्यात बसून आली.

सुरेखानं एक शब्दही सोडला नाही.

३१ जाने., रविवार. दुपार, कोडोली
बांधावर बसून लिहितोय. आक्का भाकरी आणायला घरी गेलीय.

सकाळी पोचलो तर ती आधीच उसाच्या लावणीत वाकलेली. मी पिशवीतून वही काढली, उतरवून घ्यावं म्हणून. "आन् ते कशाला?" म्हणाली आणि एक खुरपं माझ्याकडं टाकलं. "ही सरी माझी, ती तुझी. चल."

खरंच हात चालला तशी बोलायला लागली. मुकादम बायकांना वाईट बोलला म्हणून आईनं अख्खी टोळी बांधावर आणून बसवली होती, कामच बंद. तो येऊन हात जोडेस्तोवर एकीला उठू दिलं नाही. शिवी दिली की आधी आजूबाजूला पोरं आहेत का बघायची. गुळाच्या चहाशिवाय डोळा उघडायची नाही. एवढ्यात आक्का चार हात पुढं गेलेली. तिचा हात मशीन, माझ्या खुरप्याखाली तण निम्मं राहायचं. ती पुढं बघून बोलत होती, मी मागं पडत होतो, आणि पाल्याची सळसळ.

"...आन् तुला वसतिगृहात घालून परत आली, त्या दिशी आयनं काय केलं ठावं हाय..."

पुढचं ऐकू आलं नाही. एक शब्दही नाही.

"काय केलं?" मी उठून ओरडलो. "आक्का, काय केलं आईनं?"

"सांगितलं की आत्ता!" तिकडून आवाज. "वराडत मागं याय मला येळ न्हाय. तुझी सरी पुरी कर, माझ्या जोडीला ये, मग परत सांगती."

मग भाकरीची वेळ झाली.

हाताला फोड आलाय. कधीपासून कोण जाणे, डोळे वाहतायत. वही भिजतीय, अक्षर फुटतंय. सरी अजून निम्मी बाकी आहे. आक्का यायच्या आत तिच्या जोडीला पोचायचं, म्हणून उठतो.